विज्ञापनेपासून निवेदनापर्यंत : बारामती-इंदापूर परिसरातील व्यापारी-उद्योजकांच्या अर्जगद्याचा विचार

१

व्यापारी, बागायतदार आणि कारखानदार यांनी राजसत्तेपाशी वेळोवेळी केलेल्या मागण्यांचा अभ्यास आजवर बहुधा अर्थशास्त्राच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी केलेला आहे. नीरा डाव्या कालव्यावरील ऊसशेतीचा दीर्घ इतिहास डोनाल्ड अॅटवुड यांच्या 'रेझिंग केन' (१९९२) या ग्रंथात सापडतो. साखर कारखान्यांच्या राजकारणाची मीमांसा बी. एस. बाविस्कर यांनी १९८० साली कोपरगावच्या आधारे केली. या दोन्ही अभ्यासांचे मोल निर्विवाद आहे. परंतु कोणी मागितले, कोणाकडे मागितले आणि काय मिळाले, एवढ्याच प्रश्नांशी असे अभ्यास स्वाभाविकपणे थांबतात. ज्या शब्दांत मागितले गेले ते शब्द साधन म्हणून वापरले जातात आणि साधन म्हणूनच बाजूला ठेवले जातात. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ते शब्दच अभ्यासविषय वाटले पाहिजेत. बखर, पत्र, कैफियत, करीना हे एके काळचे व्यवहारलेखनाचे प्रकार आज मराठी गद्याच्या इतिहासात मानाने बसले आहेत. संस्थेच्या नावाच्या कागदावर टंकलिखित होऊन तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत जाणारे 'निवेदन' मात्र अद्याप गद्यप्रकार म्हणून कोणी वाचलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखात हे वाचन बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांपुरते मर्यादित ठेवले आहे. तसे करण्यास कारण आहे. कालव्याचे पाणी, गूळ व साखर, सहकारी कारखाने आणि पुढे औद्योगिक वसाहती असा शासनावलंबी अर्थव्यवहाराचा अखंड क्रम या परिसरात जितका स्पष्ट दिसतो तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसेल. जेथे पाणी शासनाचे, परवाना शासनाचा, भागभांडवलात वाटा शासनाचा आणि भूखंडही शासकीय महामंडळाचा, तेथे मागणे हा उद्योगाचाच एक भाग होऊन बसतो. या मागण्याची भाषा कशाने घडते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे मांडता येईल : निवेदनाचे गद्य मागणाऱ्याच्या गरजेने तितके घडत नाही, जितके ते ऐकणाऱ्याच्या रीतीने घडते. ज्या पीठापुढे प्रतिपक्षाला उत्तर द्यावे लागते, तेथे निवेदन युक्तिवादाचे रूप घेते. जेथे प्रतिपक्ष हजरच नसतो, तेथे ते स्तुती, गाऱ्हाणे आणि इशारा या तीन सुरांत फिरत राहते.

२

या परिसराला विनंतीच्या वाङ्‌मयाची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात बारामती हे बाबूजी नाईक यांचे ठिकाण होते. नाईकांचे घराणे सावकारीचे. पेशव्यांना कर्ज देणारे आणि पेशव्यांशी सोयरीक असलेले. बाबूजींचे बंधू आबाजी नाईक हे थोरल्या बाजीरावाचे मेहुणे. १७४० साली बाजीरावाच्या निधनानंतर पेशवेपद रिकामे झाले, तेव्हा रघूजी भोसले यांनी बाबूजी नाईकांचे नाव शाहू छत्रपतींपुढे पुढे केले आणि त्यासाठी मोठ्या नजराण्याची तयारीही दाखविण्यात आली. छत्रपतींनी वस्त्रे बाळाजी बाजीरावास दिली आणि तो प्रयत्न फसला. राजकीय इतिहासात ही घटना वारसाच्या वादातील एक प्रसंग म्हणून येते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. सावकार दरबारात जातो तो सहसा सवलत मागण्यासाठी, थकलेले कर्ज मागण्यासाठी किंवा जकातीची माफी मागण्यासाठी. येथे सावकाराने सवलत देणारे पदच मागितले. मागणारा आणि देणारा एकच झाला तर विनंतीची आवश्यकताच उरत नाही, हा विचार बारामतीच्या इतिहासात इतक्या लवकर प्रकट व्हावा हे लक्षणीय आहे. त्याचा पुढील काळाशी असलेला संबंध यथाक्रम दिसेल.

याच नाईकांच्या आश्रयाने पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीस राहिले, पुराण सांगत राहिले आणि विपुल काव्यरचना करीत राहिले. त्यांची पृथ्वीवृत्तातील 'केकावली' ही मराठीतील विनंतीवाङ्‌मयाची परिणती मानावी लागेल. केकावलीची बहुतेक चर्चा भक्तीच्या आणि शब्दकळेच्या अंगाने झालेली आहे. तिची रचना मात्र एखाद्या कसलेल्या अर्जदाराची आहे. पूर्वी उद्धरलेल्यांचे दाखले पुढे ठेवावेत, देवाच्या ब्रीदाची त्यालाच आठवण द्यावी, आपली अपात्रता आधीच मान्य करून त्या आक्षेपाची धार काढून घ्यावी आणि नकार दिल्यास देणाऱ्याच्याच कीर्तीला उणेपणा येतो असे सुचवावे, हा तिचा क्रम आहे. त्या अर्जाला प्रतिपक्ष नाही हे खरे. परंतु कवीने प्रतिपक्षाचे सारे आक्षेप स्वतःच कल्पून त्यांना उत्तरे दिली आहेत. चांगल्या विनंतीची ही कसोटी पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

तत्कालीन दरबारी पत्रव्यवहारात खालच्याने वरच्यास लिहावयाचे ते 'विनंती' किंवा 'विज्ञापना'. बरोबरीचा असेल तर लेखनाचा मायना बदले. मायन्यावरूनच दोघांमधले अंतर कळे. पेठ वसविताना सरकारातून मिळणारा कौल हा अशाच विनंतीचे फळ असे, आणि पेठेच्या वतीने बोलण्याचे काम शेटे-महाजनांचे असे. व्यक्तीने स्वतःसाठी न मागता पेठेने पेठेसाठी मागावे, हा व्यापारी संस्थेचा आद्य अवतार येथे दिसतो.

३

१८७६–७८ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून नीरा कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८० नंतरच्या दशकात भाटघरच्या धरणाचे पाणी डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती व इंदापूर या भागांत खेळू लागले. येथे विनंतीच्या इतिहासाला विलक्षण कलाटणी मिळाली. प्रारंभीच्या काळात गरजवंत सरकार होते. पाऊस चांगला झाला की कालव्याच्या पाण्याला मागणी नसे आणि भांडवलावरील व्याजही सुटत नसे. सासवडचे माळी बागायतदार आणि त्यांच्या मागोमाग इतर शेतकरी उसाकडे वळले, बारामतीची गुळाची पेठ नावारूपाला आली, १९१४ साली दौंड-बारामती ही लहान मापाची आगगाडी सुरू झाली, आणि पाहता पाहता पाणी कमी व मागणारे फार अशी अवस्था आली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर सुरू केलेली ब्लॉक पद्धती हे या नव्या अवस्थेचे उत्तर होते. विशिष्ट गटातील जमिनीच्या ठरावीक हिश्शातच ऊस घ्यावयाचा, उरलेल्या हिश्शात कमी पाण्याची पिके घ्यावयाची, आणि त्याच्या बदल्यात ठरावीक मुदतीपर्यंत पाण्याची हमी मिळावयाची, अशी ती योजना होती. उसाखालील क्षेत्राला मर्यादा पडत असल्याने बागायतदारांचा आरंभी तिला विरोध झाला. परंतु या योजनेने मागणाऱ्याला एक महत्त्वाची गोष्ट शिकविली : पाणी मागताना ते किती गावांत वाटले जाणार आहे याचा हिशेबही मागण्याच्या पोटात यावा लागतो.

पाणी मागण्याचा नमुनाही याच शासनपद्धतीने छापील केला. पाटबंधारे खात्याचा 'नमुना नंबर सात' ग्रामीण महाराष्ट्रात आजही पाण्याच्या अर्जाचा पर्याय म्हणून बोलला जातो. गट, क्षेत्र, पीक आणि हंगाम एवढे रकाने भरले की अर्ज पुरा होतो. त्यात विशेषणाला जागा नाही. कालव्यावरील एकट्या शेतकऱ्याच्या वाट्याला छापील रकाना आला आणि मोकळे गद्य संघटित उद्योगाच्या हाती राहिले, ही वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्या मोकळ्या गद्याचा उत्तम काळ १९३० च्या आसपासचा होय. साखर उद्योगाला संरक्षण द्यावे की नाही याची चौकशी भारतीय टॅरिफ बोर्डाने केली आणि १९३२ साली संरक्षणाचा कायदा झाला. अशा चौकशीची रीत अशी की प्रश्नावली निघे, लेखी निवेदने येत, तोंडी साक्षी होत आणि ते सारे छापले जाई. आपला उत्पादनखर्च किती, आयात साखर कोणत्या भावाने बंदरात उतरते, संरक्षण किती वर्षे हवे आणि त्याचा भार ग्राहकावर किती पडेल, हे प्रश्न कोणाला टाळता येत नसत. याच कायद्याच्या सुमारास इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाचा साखर कारखाना उभा राहिला आणि त्या वसाहतीस वालचंदनगर हे नाव मिळाले. वालचंदांनीच १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. पुण्याची मराठा चेंबर ही संस्था १९३४ ची. या संस्थांनी मराठी व्यापाऱ्याला नवे व्याकरण दिले. 'आम्हांस द्यावे' याऐवजी 'उद्योगास आवश्यक आहे' असे बोलावयाचे आणि त्या आवश्यकतेचा आकडा जोडावयाचा. परके सरकार अर्जदाराचे आप्त नव्हते. त्यामुळे आपुलकीच्या भाषेने काम होत नसे, हेही या गद्याच्या कसदारपणाचे एक कारण आहे.

४

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५० नंतरच्या दशकात माळेगाव व भवानीनगर येथे आणि पुढे सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. इंदापूर तालुक्यात बिजवडी व रेडा येथे नंतर आणखी कारखाने निघाले. १९५१ च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्यामुळे कारखान्याचा परवाना दिल्लीहून मिळावयाचा, तर भागभांडवल व कर्जाची हमी राज्य शासनाकडून. मागण्याचे प्रसंग वाढले. परंतु मागणारा आणि देणारा यांमधील अंतर कमी झाले. पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याचा अध्यक्ष तालुक्याचा आमदार आणि पुढे मंत्री होऊ लागला. १९६७ साली बारामतीतून विधानसभेवर निवडून आलेले शरद पवार १९७८ साली मुख्यमंत्री झाले. इंदापूरचे शंकरराव पाटील सहकार, विधिमंडळ आणि संसद या तिन्ही क्षेत्रांत वावरले. सहकाराने या परिसराला दिलेले वैभव येथे विचाराचा विषय नाही. विचाराचा विषय आहे तो निवेदनावर झालेला परिणाम. जे काम एका दूरध्वनीने किंवा एका बैठकीने होते त्यासाठी दहा पानांचे टिपण कोण लिहील? १७४० साली जे साधले नाही ते येथे लोकशाहीच्या मार्गाने आणि लोकांच्या संमतीने साधले. विनंती करणारा आसनावर बसला आणि विनंतीचा कागद पातळ झाला.

पातळ झालेल्या या कागदाचे रूप आज सर्वपरिचित आहे. वर संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक. मग 'प्रति', 'विषय', 'संदर्भ', 'महोदय'. आरंभी मान्यवरांच्या कार्याचा गौरव, मध्ये 'उपरोक्त विषयान्वये' सुरू होऊन 'तरी' या अव्ययापाशी संपणारे एकच दीर्घ वाक्य, मग 'सहानुभूतीपूर्वक विचार' व्हावा ही प्रार्थना, आणि शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हा इशारा. खाली सह्या आणि 'प्रत माहितीस्तव' म्हणून पाच-सात कार्यालयांची नावे. सहानुभूतीची प्रार्थना आणि आंदोलनाचा इशारा एकाच कागदावर सलग नांदतात आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही, कारण दोन्ही वाक्ये अर्थाने वाचण्यासाठी नसतात. एक मायना असतो, दुसरे शेवटचे 'विज्ञापना' असते. खरा मजकूर कागदाबरोबर गेलेले शिष्टमंडळ तोंडी सांगते आणि निवेदन देतानाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात येते.

वृत्तपत्रांनी या क्रियेला दिलेला शब्द बोलका आहे. व्यापारी किंवा उद्योजक मंत्र्यांना 'साकडे घालतात'. साकडे देवाला घालावयाचे असते. 'निवेदन' हा शब्दही नवविधा भक्तीतील आत्मनिवेदनाशी नाते सांगतो. शब्द भक्तीचे राहिले, पण मोरोपंतांच्या भक्तीतील वकिली मात्र गळून पडली. दाखला नाही, ब्रीदाचे स्मरण नाही आणि प्रतिपक्षाच्या आक्षेपाला उत्तर तर नाहीच.

५

या उणिवेचे परिणाम केवळ शैलीपुरते राहत नाहीत, हे पाण्याच्या वादांत स्पष्ट होते. नीरा खोऱ्याच्या शिल्लक पाण्याचा मोठा वाटा डाव्या कालव्यास देण्याच्या व्यवस्थेची मुदत २०१७ साली संपली. जून २०१९ मध्ये शासनाने ते वाढीव पाणी बंद करण्याचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २०२० मध्ये सत्तांतरानंतरच्या मंत्रिमंडळाने डाव्या कालव्यास ५५ व उजव्यास ४५ टक्के अशी नवी वाटणी ठरविली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये उजनी जलाशयातून इंदापूर तालुक्यास ५ टीएमसी सांडपाणी उपलब्ध करून देण्याच्या योजनेसाठी आदेश निघाला, सोलापूर जिल्ह्यातून त्यास कडवा विरोध झाला आणि मे २०२१ मध्ये तो रद्द करण्यात आला.

या वादांतील दोन्ही बाजूंची वक्तव्ये शेजारी ठेवून वाचली तर तालुक्यांची नावे अदलाबदल करूनही मजकुराला फारसा धक्का लागत नाही. दोन्हीकडे पाणी 'हक्काचे' असते, दोन्हीकडे 'थेंबभरही' जाऊ द्यावयाचे नसते आणि दोन्हीकडे 'अन्याय' झालेला असतो. कोणत्या वर्षी किती पाणी शिल्लक राहिले, ते कोठे मुरले, उसाच्या एका एकरामागे किती लागते आणि हेच पाणी खाली गेले असते तर कोणाचे कोणते पीक वाचले असते, हा हिशेब दोन्हीकडे विरळा. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ब्लॉक पद्धतीने विचारलेला प्रश्न येथे कोणी विचारताना दिसत नाही. परिणामी जून २०१९ चा निर्णय, फेब्रुवारी २०२० चा निर्णय, एप्रिल २०२१ चा आदेश व मे २०२१ चा आदेश यांपैकी प्रत्येकाकडे पाहणारा सत्तेच्या तोलात झालेला बदल पाहतो. युक्तिवादाची सरशी झाली असे कोणालाच वाटत नाही. जो निर्णय युक्तिवादाने मिळालेला नसतो तो युक्तिवादाने टिकवताही येत नाही.

आणखी एक गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. अशा मजकुरात 'बारामती-इंदापूर' हा जोडशब्द एकाच अर्जदाराचे नाव असल्यासारखा येतो. भूगोल मात्र निराळे सांगतो. डावा कालवा बारामतीतून जाऊन इंदापुरात संपतो. वरच्या अंगाला पाळी वेळेवर मिळाली म्हणून टेलकडच्या शेताला ती मिळतेच असे नाही, आणि इंदापूर तालुक्यातील बावीस गावांचा पाणीप्रश्न हा शब्दप्रयोग त्याच दुखण्यातून रूढ झाला आहे. उजव्या कालव्याविरुद्ध बोलताना जोडशब्द एकीचा भास निर्माण करतो. आवर्तन सुटल्यावर त्यातील संयोगचिन्हाच्या दोन बाजूंना दोन निरनिराळे हितसंबंध उभे राहतात. निवेदनातील 'आम्ही' कोण, हा व्याकरणाचा प्रश्न येथे न्यायाचा प्रश्न होतो. कारखान्याचे धुराडे ज्याच्या बाजूने बोलते त्याचे 'आम्ही' कागदावर येते. टेलकडच्या शेतकऱ्याच्या हाती अद्याप नमुना नंबर सातच आहे.

६

तथापि या परिसरातील उद्योगाला युक्तिवादाचे गद्य लिहिता येत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सहकारी कारखान्यांच्या आयकराचा प्रश्न हे त्याचे उत्तम प्रत्यंतर आहे. शासनाने ठरविलेल्या किमान दरापेक्षा अधिक दर कारखान्याने सभासदाच्या उसाला दिला, तर ती जादा रक्कम खर्च मानावयाची की नफ्याचे वाटप, असा तो वाद होता. ऊसदराबाबत नाव असलेल्या माळेगाव व सोमेश्वर यांसारख्या कारखान्यांना तो जिव्हाळ्याचा असणे साहजिक होते. प्राप्तिकर खात्याने ते वाटप मानले. कारखान्यांचे म्हणणे असे की ऊस हाच कच्चा माल, त्याची किंमत हा खर्चच. हा वाद अपिलांतून वर्षानुवर्षे चालला. मार्च २०१९ मध्ये तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळी जादा रक्कम एकाच रकान्यात न टाकता त्यांतील नफ्याचा भाग वेगळा काढण्यास सांगितले. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीची अशी देणी खर्च म्हणून दाखविण्याची मुभा मिळाली आणि त्यातून सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. शेवटचा निर्णय राजकीय होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथवर पोचेपर्यंत मागणीला धार आली होती, कारण प्रत्येक पायरीवर समोर खाते उभे होते आणि ते उत्तर मागत होते.

विजेच्या दरांबाबतही हेच दिसते. राज्य वीज नियामक आयोग १९९९ साली अस्तित्वात आला. दरवाढीच्या प्रस्तावावर तो जाहीर सुनावणी घेतो. उद्योजकांच्या संघटना, यंत्रमागधारक, शेतकरी आणि घरगुती ग्राहक लेखी हरकती नोंदवितात. वीज कंपनीचे उत्तर आणि त्यावरील आयोगाचा निर्णय हे सारे आदेशात एकाखाली एक छापले जाते. औद्योगिक वसाहतीतील उद्योजक मंत्र्यांना वीजदराविषयी निवेदन देतो तेव्हा 'उद्योग डबघाईस आले आहेत' एवढे लिहून थांबू शकतो. आयोगापुढे त्याला दुसऱ्या राज्याचा दर, गळतीचे प्रमाण आणि शेतीपंपांच्या सवलतीचा भार कोणावर पडतो ते मांडावे लागते. लिहिणारा तोच, व्यवसाय तोच, अडचण तीच; गद्य मात्र दोन.

बारामतीच्या वसाहतीत पियाजिओ व फेरेरोसारखे परदेशी उद्योग आल्यापासून या विरोधाला आणखी एक बाजू आली आहे. मोठ्या उद्योगाकडे कायद्याचे सल्लागार असतात. तो आयोगापुढेही उभा राहू शकतो आणि मंत्रालयातही. याच वसाहतीतील लहान सुटे भाग करणारा कारखानदार, इंदापूरजवळील लोणी देवकर येथील नवा उद्योजक किंवा बारामतीच्या जुन्या पेठेतील आडत दुकानदार यांना यांपैकी एकच वाट मोकळी असते, आणि ती म्हणजे संस्थेच्या कागदावरील निवेदन. त्यामुळे निवेदनाचे गद्य निकृष्ट होणे ही सर्वांची सारखी हानी नव्हे. ज्याला दुसरे दार आहे त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याला केवळ कागद आहे त्याचा आवाजच त्या कागदाबरोबर पातळ होतो.

७

वरील विवेचनावरून निवेदन या गद्यप्रकाराच्या परीक्षणासाठी तीन कसोट्या हाती येतात. मागितलेल्या गोष्टीचा भार कोणावर पडणार हे निवेदनात सांगितले आहे काय? ज्याचे नुकसान होईल त्याचे म्हणणे, निदान खोडून काढण्यासाठी तरी, त्यात आले आहे काय? आणि निवेदनातील 'आम्ही' या शब्दात जे मोडतात असे भासविले आहे, ते सर्व त्यात खरोखर मोडतात काय? केकावलीतील भक्त यांपैकी दुसऱ्या कसोटीला पूर्णपणे उतरतो. टॅरिफ बोर्डापुढील कारखानदाराला पहिलीला सामोरे जावेच लागे. तिसरीला उतरणारे निवेदन या परिसरात अजून लिहिले जावयाचे आहे.

यातून निघणारा दुसरा निष्कर्ष प्रशासनाकडे वळतो. चांगली निवेदने लिहा असा उपदेश संस्थांना करून काही साधणार नाही. पेठेला कसे बोलावयाचे ते दरबार शिकवितो. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीपूर्वी आलेली सर्व निवेदने आणि त्यांवरील पाटबंधारे खात्याचे उत्तर एकत्र छापून तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध झाले, तर त्याच संस्था पुढील हंगामात आकडे जोडू लागतील, कारण वरच्या गावाचे म्हणणे टेलकडचा शेतकरी वाचू शकेल आणि त्याला उत्तर देऊ शकेल. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे कागद मागून घेण्याचा हक्क दिला आहे. न मागता ते समोर येण्याची रीत अद्याप पडावयाची आहे.

अभ्यासकांपुरते बोलावयाचे तर सामग्री विपुल आहे. कारखान्यांचे वार्षिक अहवाल, व्यापारी संस्थांच्या ठरावांची पुस्तके, नगरपालिका व तहसील कचेऱ्यांतील आवक नोंदवह्या आणि स्थानिक वृत्तपत्रांचे अंक यांत गेल्या शंभर वर्षांचे अर्जगद्य विखुरलेले आहे. पेशवेकालीन विज्ञापनेचा मायना ज्या काटेकोरपणे अभ्यासला गेला, त्याच काटेकोरपणे 'उपरोक्त विषयान्वये' अभ्यासले गेल्यास मराठी गद्याच्या इतिहासातील एक मोठे रिकामे प्रकरण लिहिले जाईल, आणि कोणाचे मागणे कोणत्या शब्दांत दरबारी पोचले व कोणाचे वाटेत राहिले, हेही त्याबरोबर उलगडेल.